कावळा, फांदी आणि जन्मतारीख

१ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी, मातंग समाजातल्या एका घरी मुलगा जन्मला. आईवडिलांनी त्याचे नाव तुकाराम ठेवले. महाराष्ट्र त्याला अण्णाभाऊ साठे या नावाने ओळखतो. गांधीजींच्या असहकार चळवळीचा आरंभही त्याच दिवशीचा.

महाराष्ट्रातल्या शाळांत दरवर्षी या तारखेला एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडलेल्या असतात. भाषण करणाऱ्याला एक वाक्य आयते मिळते: एक लोकमान्य गेला आणि एक लोकशाहीर आला. ‘लोक’ दोघांच्याही बिरुदात आहेतच. वाक्याला टाळी पडते, आणि पडावी इतके ते नेटके आहे. मग एखादा श्रोता पुढची पायरी चढतो. हे उगाच घडले नसणार, काळानेच एकाच्या हातातली मशाल दुसऱ्याच्या हाती दिली, असे तो सांगू लागतो.

या पायरीवर मात्र थांबायला हवे. अण्णाभाऊंच्या लेखणीचा वारसा शोधायचा तर तो मुंबईच्या गिरणगावात आहे. अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत उभारलेल्या लाल बावटा कलापथकात आहे, मार्क्सच्या विचारात आहे, आणि ‘फकिरा’ ही कादंबरी ज्यांच्या लेखणीला अर्पण केली त्या डॉ. आंबेडकरांच्या कार्यात आहे. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला एक मुलगा वाटेगावाहून मुंबईला चालत येतो, मिळेल ते काम करतो, भिंतीवरच्या पाट्या वाचत अक्षरे जुळवतो आणि पुढे कथा-कादंबऱ्या लिहितो. या कष्टांचे श्रेय एका रात्रीच्या योगाला देणे हा त्या माणसावर अन्याय आहे. लोकमान्यांवरही आहे, कारण त्यांचे मरण मग दुसऱ्याच्या गोष्टीतली नुसती खूण होऊन बसते.

शिवाय हा योग तरी पक्का आहे का? पंचांगात वार बदलतो तो सूर्योदयाला. त्या हिशेबाने लोकमान्य गेले ते शनिवारी रात्री. वाटेगावातले बाळ उजाडल्यानंतर जन्मले असेल, तर पंचांगाच्या लेखी ते रविवारचे. ज्या पंचांगाच्या आधारे ‘योग’ हा शब्द आपण वापरतो, त्याच पंचांगात हा योग मोडू शकतो. तो टिकतो इंग्रजी घड्याळात, कारण तिथे दिवस रात्री बाराला सुरू होतो.

मराठीत यासाठी फार जुनी म्हण आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. संस्कृतात हाच काकतालीय न्याय: कावळा ताडावर बसतो, त्याच क्षणी फळ गळते. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक जुळणीत दैवी संकेत पाहिला, असा एक समज असतो. ही म्हण आणि हा न्याय त्याला सरळ उत्तर देतात. खेड्यातल्या माणसालाही ठाऊक होते की दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही.

शास्त्रकारांनी तर त्याहून बारीक चाळण लावली. न्यायदर्शनात कारण कशाला म्हणावे याची चर्चा करताना घड्याचे उदाहरण येते. घडा घडायला माती हवी, कुंभार हवा, चाक आणि दांडा हवा. पण दांड्याचा रंग हे घड्याचे कारण नव्हे. कुंभाराचा बापही नव्हे. माती वाहून आणणारे गाढव तर नव्हेच. घडा होण्याआधी ते तिथे हजर असेल, पण त्याच्यावाचून घडा अडत नाही. अशा हजर असलेल्या पण कामाच्या नसलेल्या गोष्टींना नैयायिकांनी ‘अन्यथासिद्ध’ म्हणून वेगळे काढले. जन्मतारखेबद्दल विचारायचा प्रश्न नेमका हाच आहे. ती चाक आहे की गाढव?

श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभीच जगाचे कारण काय असू शकेल याची एक यादी येते. काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा, पंचमहाभूते, पुरुष. नियतीच्या शेजारी यदृच्छा, म्हणजे निव्वळ योगायोग, तिथे उभी आहे. उपनिषद शेवटी यांतले काहीच पुरेसे मानत नाही आणि या सगळ्यांच्या मागे असलेल्या एका देवाकडे जाते. तरीही योगायोगाची शक्यता मनात आणण्यात धर्माला धोका आहे असे त्या ऋषींना वाटले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नावांच्या आणि तारखांच्या जुळण्यांमध्ये जगभर सर्वांत गाजलेली यादी अब्राहम लिंकन आणि जॉन केनेडी यांची. केनेडींच्या हत्येनंतर ती फिरू लागली आणि अजून फिरते आहे. लिंकन १८४६ साली अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, केनेडी १९४६ साली. लिंकन १८६० साली राष्ट्राध्यक्षपदी निवडले गेले, केनेडी १९६० साली. दोघांनाही शुक्रवारी, पत्नी शेजारी असताना, डोक्यात गोळी लागली. दोघांच्या जागी आलेल्यांचे आडनाव जॉन्सन. अँड्र्यू जॉन्सन १८०८ सालचे, लिंडन जॉन्सन १९०८ सालचे. एवढे खरे आहे आणि वाचताना अंगावर काटा येतो.

मग यादीत भर पडते. लिंकनचा मारेकरी १८३९ साली जन्मला आणि केनेडींचा १९३९ साली, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात लिंकनला मारणारा जॉन विल्क्स बूथ १८३८ सालचा. केनेडींच्या सचिव लिंकन आडनावाच्या होत्या, हे बरोबर. पण लिंकनच्या सचिवाचे नाव केनेडी होते हे बनावट आहे. त्यांचे सचिव होते जॉन निकोले आणि जॉन हे. अशा याद्यांची हीच रीत असते. चार खऱ्या जुळण्या पाचव्या खोटीला आत घेतात, आणि वाचणारा इतका भारावलेला असतो की पाचवी तपासत नाही.

खऱ्या चारांकडेही नीट पाहावे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी, ठरलेल्या सालीच होते. शंभराला चाराने भाग जातो. म्हणजे १८६० साली निवडणूक झाली तर १९६० साली ती होणारच. काँग्रेसच्या निवडणुका सम सालीच होतात. आणि जॉन्सन हे तिथले अतिशय प्रचलित आडनाव. महाराष्ट्रातले उदाहरण घेतले की हे लगेच उमगते. यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण असे चार चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री झाले. २०१० साली एका चव्हाणांनी पद सोडले आणि दुसरे चव्हाण त्या खुर्चीवर बसले. पहिल्या आणि शेवटच्या चव्हाणांचे राजकारण कराडचे. यात कुणाला गूढ दिसले नाही, कारण चव्हाण आडनावाची किती घरे आहेत हे इथे सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतले जॉन्सन किती हे आपल्याला माहीत नसते, म्हणून तिथे गूढ दिसते.

या दोन अध्यक्षांत न जुळणाऱ्या गोष्टी हजारो आहेत. त्यांची यादी कुणी करत नाही.

गणितही आपल्या अंदाजाच्या फार पुढे असते. एका खोलीत २३ माणसे असली, तर त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. साठ मुलांच्या वर्गात ही शक्यता शंभरात नव्व्याण्णवांच्या वर जाते. ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, कारण तो नकळत स्वतःच्या वाढदिवसाशी जुळणारा माणूस शोधत असतो. इथे मात्र कुणाचीही कुणाशीही गाठ चालते. २३ माणसांत अशा जोड्या २५३ होतात. इतिहासातली थोर माणसे हजारोंनी आहेत आणि वर्षाचे दिवस ३६५. गांधीजी आणि लालबहादूर शास्त्री दोघेही २ ऑक्टोबरचे, चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन तर एकाच दिवशी, १२ फेब्रुवारी १८०९ रोजी, जन्मलेले. अशा जोड्या सापडल्या नसत्या, तरच ते विलक्षण ठरले असते.

स्टीफन हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी. त्यांचे निधन १४ मार्च २०१८ रोजी झाले. ती आइन्स्टाइनची जन्मतारीख. पहिली जुळणी हॉकिंग स्वतः आवडीने सांगत, आणि लगेच पुढे सांगत की त्या दिवशी जगात सुमारे दोन लाख इतर मुलेही जन्मली असतील. त्या दोन लाखांतल्या किती जणांनी विश्वाच्या उत्पत्तीचा अभ्यास केला, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यातच दडलेला आहे.

गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असे पुष्कळ पुस्तकांत आढळते. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी गेला, ही इटलीतल्या नव्या ग्रेगरी दिनदर्शिकेची तारीख. न्यूटन २५ डिसेंबर १६४२ रोजी जन्मला, ही इंग्लंडात तेव्हा चालू असलेल्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची. ती नव्या पद्धतीत मांडली की ४ जानेवारी १६४३ होते. नाताळही गेला आणि सालही गेले. शेक्सपियर आणि सर्व्हांटिस या दोघांच्या मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगतात आणि त्यावरून या दिवशी जागतिक पुस्तक दिन साजरा होतो. पण इंग्लंडातला तो २३ एप्रिल स्पेनमधला ३ मे होता. दोघांच्या मृत्यूंत दहा दिवसांचे अंतर आहे, आणि सर्व्हांटिस बहुधा २२ तारखेलाच गेला होता, २३ ला त्याचे दफन झाले. पुस्तक दिन चांगलाच आहे, तो चालू राहावा. विश्वाने मात्र त्या दिवशी काही जुळवून आणले नव्हते.

आपल्याकडे हा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी बराच काळ वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ मानली जात असे. म्हणजे ६ एप्रिल १६२७. पुढे जेधे घराण्याची शकावली लोकमान्यांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार, असा उल्लेख निघाला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तीच तिथी दिली. दीर्घ वादानंतर महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. ही तारीखही ज्युलियन आहे. आजच्या दिनदर्शिकेने तो दिवस १ मार्च १६३० येतो.

आता अंकशास्त्री करतात तशी बेरीज करून पाहावी. ६ एप्रिल १६२७ चा भाग्यांक येतो आठ. १९ फेब्रुवारी १६३० चा चार. १ मार्च १६३० चा पाच. माणूस तोच, पराक्रम तोच, भाग्यांक तीन. आठ आला असता तरी अंकशास्त्राने त्यात संघर्ष आणि राज्य दाखवले असते, चार आणि पाच यांतही काही ना काही दाखवलेच असते. उत्तर आधी हाती असले की कुठलाही आकडा त्याला पुरतो. खरा मान जेधे शकावलीचा आहे. कुणीतरी, कधीतरी, एक तिथी आणि एक वार जपून लिहून ठेवला, म्हणून तीन शतकांनंतर वाद मिटवता आला.

साध्या माणसाच्या तारखेची हकीकत तर सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या अफाट आहे. शाळेत नाव घालायला बाप मुलाला घेऊन जाई, जन्माची नोंद नसे. ‘त्या पुराच्या साली’, ‘पेरणीच्या वेळी’ असे काहीतरी सांगे. गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज घेत आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून टाकत. ती तारीख मग दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर, पेन्शनवर कायमची बसली. या लाखो लोकांपैकी कितीतरी जण आज मूलांक एकचे भविष्य वाचतात. ते भविष्य त्यांच्या जन्माचे नाही, गुरुजींच्या दौतीचे आहे.

नावांचे कोडे याहून सोपे आणि याहून सुंदर आहे. तारीख पडते, नाव मात्र कुणीतरी विचार करून ठेवते. त्यामुळे नावांच्या जुळणीमागे बहुधा खरोखरच कारण असते, आणि ते शोधता येते. वाटेगावातल्या मुलाचे नाव तुकाराम ठेवले गेले, कारण देहूच्या तुकोबांचे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत होते. सावरकर विनायक आणि विनोबा भावेही विनायक. ज्या प्रांतात गणपती घरोघर बसतो तिथे हे घडणारच. सचिन तेंडुलकरचे नाव त्याच्या वडिलांनी, कवी रमेश तेंडुलकरांनी, संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले. सुनील गावसकरांनी मुलाचे नाव रोहन ठेवले ते रोहन कन्हाय या फलंदाजासाठी. अशा नावांत दडलेला अर्थ असतो, तो आईबापांच्या प्रेमाचा आणि आदराचा. त्यासाठी ग्रहांना विचारावे लागत नाही.

नावरस नावाची गोष्टही अशीच. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ अक्षरे. अश्विनीच्या चार चरणांना चू, चे, चो, ला. जन्म ज्या चरणावर, त्या अक्षराने नाव सुरू करायचे. दोन माणसांच्या नावाचे आद्याक्षर आणि रास जुळलेली पाहून कुणी थक्क होतो तेव्हा त्याने हे लक्षात घ्यावे, की ती जुळणी बारशाच्या दिवशी हाताने केलेली आहे.

कर्नाटक संगीतात याचे अतिशय देखणे उदाहरण आहे. तिथल्या ७२ मेळकर्त्यांची, म्हणजे मूळ रागांची, नावे कटपयादी पद्धतीने बांधलेली आहेत. प्रत्येक अक्षराला अंक, पहिल्या दोन अक्षरांचे अंक उलटे वाचले की मेळाचा क्रमांक. शंकराभरण राग २९ वा. पण ‘शं-क’ मधून २९ निघत नाही. म्हणून त्याच्या आधी ‘धीर’ जोडले. ध म्हणजे नऊ, र म्हणजे दोन. उलटे वाचले की २९. कल्याणीला ‘मेच’ जोडून ६५ साधला. इथे नावात आकडा दडलेला आहे, हे शंभर टक्के खरे. तो दडवणारा माणूस होता, त्याचा हेतू ठाऊक आहे, किल्ली ठाऊक आहे, आणि ७२ पैकी ७२ वेळा ती चालते. दडलेला अर्थ खरा असतो तेव्हा तो असा असतो.

याच्यासमोर नावाचे अंकशास्त्र ठेवून पाहावे. मराठी नाव घ्यायचे, ते रोमन लिपीत लिहायचे, प्रत्येक रोमन अक्षराला ठरीव अंक द्यायचा आणि बेरीज करायची. बेरीज हवी तशी आली नाही तर एक जास्तीचे अक्षर घालायचे. ज्या आजीने बारशाला कानात नाव सांगितले, तिला ती लिपी येतही नसते. देवनागरीत नाव तेच राहते, उच्चार तोच राहतो, आणि दैव तेवढे बदलते असे मानायचे. मानणाऱ्याची निष्ठा खरी असेल, पण या पद्धतीला पाया नाही.

श्रद्धावंताची बाजू इथे संपत नाही, आणि ती तिच्या सर्वांत बळकट रूपातच ऐकायला हवी.

४ जुलै १८२६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि तो जाहीरनामा घडवणारे दोघे, थॉमस जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स, काही तासांच्या अंतराने वारले. अ‍ॅडम्स यांचे पुत्र जॉन क्विन्सी तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना यात ईश्वरी कृपेची उघड खूण दिसली. ऑगस्टमध्ये बोस्टनच्या सभेत डॅनियल वेब्स्टरने देशाला तेच सांगितले. पाच वर्षांनी त्याच तारखेला जेम्स मन्रो गेले. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी तिघे ४ जुलैला जातात, तेव्हा नुसते ‘योगायोग’ म्हणून पुढे सरकायला मन धजत नाही. जेफरसन ३ जुलैच्या रात्री, आज चार तारीख का, असे विचारत होते. ८३ वर्षांचा तो म्हातारा जीव त्या दिवसाची वाट पाहत तग धरून राहिला असेल, हे अगदी शक्य आहे. त्यात अर्थ आहेच. तो अर्थ आपल्या कामावर जीव जडलेल्या माणसाच्या मनातला आहे.

पु. ल. देशपांडे गेले ते १२ जून २००० रोजी. १९४६ साली याच तारखेला त्यांचा आणि सुनीताबाईंचा विवाह झाला होता. महाराष्ट्राने ही गोष्ट हळवेपणाने जपली आहे, आणि ती पुसण्याचा अधिकार कुठल्याही गणिताला नाही. दुःखात माणूस धागा शोधतो. चोपन्न वर्षांच्या सहजीवनाची दोन टोके एका तारखेवर आली, तर ती तारीख मनात वेगळी होणारच.

धर्मपरंपरा हेच मोठ्या प्रमाणावर करतात. बौद्ध परंपरेत तथागतांचा जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण तिन्ही वैशाख पौर्णिमेला. यहुदी परंपरेत मोशेचा जन्म आणि मृत्यू दोन्ही अदार महिन्याच्या सातव्या दिवशी. समर्थ रामदासांचा जन्म रामनवमीचा. अशा तिथींमुळे भक्ताला स्मरण आणि उपासना एका दिवशी बांधता येते. हे काम तिथी उत्तम करते, आणि ते धर्माचे खरे काम आहे. पण वैशाख पौर्णिमेला जन्मलेले दुसरे मूल बुद्ध होईल, असे या परंपरांतली कुठलीच सांगत नाही. वंदन करायची तिथी आणि भविष्य सांगणारी तिथी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९५२ साली भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांच्यासोबतच्या पुस्तकात कार्यकारण आणि निव्वळ योगायोग यांच्यामधली वाट शोधली. कार्यकारणाचा संबंध नसलेल्या पण अर्थाने जोडलेल्या घटना असू शकतात, असे त्याचे म्हणणे. त्याने विवाहित जोडप्यांच्या कुंडल्या तपासल्या. पहिल्या १८० जोडप्यांत सूर्यचंद्राची अनुकूल युती नजरेत भरण्याइतकी जास्त निघाली. पुढे जोडप्यांची संख्या वाढवत नेली तसा तो आकडा ओसरला आणि नुसत्या योगायोगाच्या पातळीवर आला. युंगने हे स्वतःच नोंदवून ठेवले, त्याबद्दल त्याला मान द्यायला हवा.

जन्मवेळ आयुष्य ठरवते, हा दावा धर्माच्या आतूनही नाकारला गेला आहे. संत ऑगस्टीन तरुणपणी फलज्योतिषाच्या नादी लागला होता. फर्मिनस नावाच्या मित्राने त्याला एक हकीकत सांगितली. फर्मिनस जन्मला त्याच क्षणी वडिलांच्या मित्राच्या घरी एका दासीला मूल झाले. दोन्ही घरांनी वेळ काटेकोर नोंदवली होती. कुंडली एक आली. फर्मिनस संपत्तीत आणि मानात वाढला, दासीचे मूल गुलाम राहिले. ऑगस्टीनने ज्योतिष सोडले, देव सोडला नाही.

मराठी वाचकाला याची जोड घरचीच मिळते. १० जुलै १९४९ रोजी सुनील गावसकर जन्मले. त्यांच्या काकांनी बाळाच्या कानाजवळ एक बारीक छिद्र पाहिले होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, बाळ उचलले, तर छिद्र नाही. शोधाशोध झाली आणि सुनील एका कोळणीच्या शेजारी झोपलेला सापडला. आपण आज कुठेतरी मासेमारी करत असतो, असे गावसकरांनी ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात म्हटले आहे. दोन्ही मुलांचा जन्म एका शहरातला, एका रुग्णालयातला आणि जवळपास एकाच वेळचा. तरीही दोन आयुष्ये कुठून कुठे गेली असती, ते काकांच्या नजरेने ठरले. त्यात घर होते, आई होती, कॉलनीतले क्रिकेट होते. ग्रह दोघांनाही सारखेच होते.

पुण्यात याची रीतसर परीक्षाही झाली. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून पत्रिका तयार केल्या आणि ज्योतिषांना आवाहन केले. प्रत्येकाने चाळीस पत्रिका पाहून मूल कुठल्या गटातले ते सांगायचे. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघालेली उत्तरे ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती. २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. बुद्धीसारखी मूलभूत गोष्ट जन्मवेळेत दिसत नसेल, तर लग्न, नोकरी आणि आयुष्य तिच्यात कुठून दिसणार?

तारखेला अर्थ देता येतो, यात शंका नाही. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, पण ती पूर्णपणे अंमलात आणण्यासाठी त्या प्रतिज्ञेच्या स्मरणार्थ २६ जानेवारीची वाट पाहिली. डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी १९५६ सालचा विजयादशमीचा दिवस निवडला. अशोकाच्या धम्मस्वीकाराशी त्या दिवसाचे नाते आहे, आणि ते वर्ष परंपरेने बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे. या तारखांत अर्थ आहे, कारण माणसांनी विचार करून तो त्यांच्यात ठेवला आणि त्याची जबाबदारीही घेतली.

जबाबदारी न घेता तारखेत अर्थ शोधला की काय होते, ते मराठी घरांना चांगले माहीत आहे. मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली तर सासऱ्याला वाईट, आश्लेषावर तर सासूला, ज्येष्ठावर तर थोरल्या दिराला, विशाखावर तर धाकट्याला. शिकलेल्या, कमावत्या मुलींची स्थळे आजही या चार वाक्यांवर परत जातात. मुलाच्या नक्षत्राने कुणाच्या सासूसासऱ्यांना धोका होतो, असे सहसा ऐकू येत नाही. जन्मतारखेतला हा गुप्त अर्थ ग्रहांनी लिहिलेला नाही. सुनेकडे संशयाने पाहणाऱ्या घरांनी तो लिहिला आहे.

आता एक पाऊल आणखी पुढे पडले आहे. पाचवीच्या पूजेला सटवाईसमोर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आपली जुनी रीत. नशीब ती लिहिणार, आपण लिहायचे नाही. आज काही घरे ज्योतिषाकडून दिवस आणि वेळ काढून आणतात आणि त्या मुहूर्तावर सिझेरियन करा असे डॉक्टरला सांगतात. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी विनाकारण बाळ बाहेर काढले, तर त्याला श्वास घ्यायला त्रास होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकाने पुरेपूर सिद्ध केले आहे. ज्यांच्या घरी येत्या महिन्यांत बाळ यायचे आहे त्यांनी पंचांग खुशाल पाहावे, बारशाला हवे ते नाव ठेवावे, आजोबांचे, संताचे, आवडत्या खेळाडूचे. बाळंतपणाचा दिवस मात्र बाळंतीण आणि तिचे डॉक्टर यांनाच ठरवू द्यावा.